पैलवानाची साखर

आण्णा, परवा तुमच्या तालमीतली लाल माती मी दादाच्या पायाच्या जखमेतून धुऊन काढली, आणि धुताना मला राग दादाचा कमी आणि तुमचा जास्त येत होता. मेलेल्या बापावर किती वर्षं चिडायचं, असं आई तिच्या शेवटच्या दिवसांत मला म्हणायची. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर आवाज चढवायची या घरात कुणाची टाप नव्हती. तालमीतली पोरं तर तुमच्या वहाणा वाजल्या की तोंडातली तंबाखू गिळायची. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे. हा कागद कुठं पाठवायचा नाही, की तुमच्या फोटोमागं खोचून ठेवायचा नाही. दादा नारायणगावला दवाखान्यात आहे, वहिनी त्याच्यापाशी आहे, आणि मी तालमीच्या ओट्यावर बसले आहे. तुमची खुर्ची रिकामी आहे, पण तिच्यात बसवेना म्हणून खाली फरशीवर बसले. पलीकडं कांदा भरणं चालू आहे आणि टेम्पोवाल्यानं गाणी मोठ्यानं लावली आहेत, तेवढाच काय तो एकांत.

माझं काम काय, हे तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "पुण्याला हाय. लॅबमधी रगात तपासती." मी म्हणायची, आण्णा, रक्त नाही, स्नायू. तुम्ही म्हणायचात, "त्येच ते." ते तेच नाही. साखरेचा आजार असलेली माणसं स्वतःहून आम्हाला मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा देतात. मांडीची बाहेरची बाजू, जिथं तुम्ही शड्डू ठोकायचात, जवळपास तिथलाच. जागा बधिर करून जाड सुईनं तो काढतात. मग त्या तुकड्यातल्या पेशी आम्ही बशीत वाढवतो आणि इन्शुलिनचा निरोप त्यांच्यात नेमका कुठं अडतो ते शोधतो. वडिलांमुळं हा विषय घेतला असेल, असं सगळ्यांना वाटतं. एका कार्यक्रमात तर कुणीतरी माइकवरून तसं बोललंही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तसं काही नव्हतं. त्या वर्षी त्याच विषयाला जागा होती म्हणून घेतला. पण काम करता करता तुम्ही त्यात आलात, आणि आलात ते जाईनात.

तुम्हाला समजेल असं सांगते. पाटाला पाणी सुटलं की तुम्ही मला बांधावर उभं करायचात. वरच्या रानातला माणूस हाळी द्यायचा, ती मी पुढं तुम्हाला द्यायची आणि तुम्ही खोऱ्यानं वाफ्याचं दारं फोडायचात. रक्तातली साखर म्हणजे ते पाटाचं पाणी. जेवण झालं की इन्शुलिन स्नायूच्या पेशीपाशी येतं आणि बाहेरूनच हाळी देतं. आत एन्झाइम ओळीनं उभी असतात. पहिलं दुसऱ्याला फॉस्फेटचा टिळा लावतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत करत शेवटी पेशीची दारं उघडतात आणि साखर आत येते. साखरेच्या आजारात हाळी पेशीपाशी पोचते, पण मधलं कुणीतरी ती पुढं देत नाही, दिली तरी पुटपुटल्यासारखी देतं. मग पाट तुडुंब आणि वाफा कोरडा. बाहेर रक्तात साखर चढत राहते आणि आत स्नायूला ती मिळत नाही. हे सगळं तुमच्या मांडीत चाललं होतं, गावातल्या सगळ्यांत दणकट मांडीत, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तो शिबिराचा दिवस आठवतो ना? शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलंय, उपकेंद्रातल्या नर्सबाई बोटं टोचतायत, आणि तुमची पोरं तुम्हाला पुढं ढकलतायत, "वस्ताद, तुमचा आकडा बघू." सगळ्यांना खात्री आहे की वस्तादाचा आकडा गावात एक नंबर येणार. तो तसा येतोही. नर्सबाई मशीनकडं बघतात, दुसरं बोट टोचतात, परत बघतात. मग व्हरांड्यात हसू पसरतं. "पैलवानाला साखर? बसून खाणाऱ्याचा रोग हाय त्यो." मागून कुणीतरी, "वस्ताद, चोरून पेढं खाता काय?" तुम्ही बोट धोतराला पुसता आणि नर्सबाईंना सांगता, "मशीन बदला तुमचं." घरी येऊन तुम्ही चुलीपुढं उभे राहिलात आणि आईला एवढंच विचारलंत, "मी काय बसून खाल्लं का गं?" आईनं भाकरी थापता थापता मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. तुम्हाला आजार झोंबला नाही, ते हसू झोंबलं. त्यानंतर नर्सबाई दारात आल्या की तुमचं उत्तर ठरलेलं. "च्या झालाय माझा. आता आकडा खोटा यायचा. परत कधीतरी या." त्या उजाडताच आल्या तरी तुमचा चहा झालेला असायचा. चहा झाला असला तरी साखर तपासता येते, आण्णा. मागच्या काही महिन्यांचा अंदाज देणारी तपासणीसुद्धा असते, तिला उपाशी पोट लागतच नाही. पण तुम्हाला आकडाच नको होता, खरा काय नि खोटा काय.

बसून खाल्लं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आज देता येतं. ते हो पण आहे आणि नाही पण आहे, आणि त्यामुळंच माझा जीव जास्त जळतो. उभ्या आयुष्यात तुम्ही बसला नव्हता. मग गुडघा गेला आणि कुस्तीच्या हौद्यात, त्या लाल मातीत, उतरणं बंद झालं. लगेच तुमच्याच पठ्ठ्यांनी या ओट्यावर खुर्ची आणून ठेवली. "वस्ताद, तुमी फकस्त बसायचं. नजर ठिवायची." रानात गेलात तर दादा तुमच्या हातातलं खोरं काढून घ्यायचा, कारण पोरगा कर्ता झाला तरी बाप दारं धरतोय, असं गावानं म्हटलं असतं. आपल्याकडं माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला खुर्चीत बसवायचं. खुराक मात्र पैलवानाचाच राहिला. आई सकाळी बदाम वाटायची, दूध आटवायची, वर तुपाची धार, आणि तो पेला तुम्ही खुर्चीत बसून संपवायचात. तिनं हात आखडला असता तर म्हातारपणी घरात खुराक तोडला म्हणून तुम्हीच गावभर सांगितलं असतं. आणि मग ते डॉक्टर. मी होते तुमच्याबरोबर. कागदावरून मान वर न करता ते म्हणाले, "साखर बंद, बटाटा बंद, जड काम बंद. आता आराम करा." तुम्ही विचारलंत, "आन् बैठका मारल्या तर?" ते म्हणाले, "या वयात कशाला?" त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडू शकते.

कारण स्नायूला साखर आत घ्यायची दुसरी वाट असते. स्नायू स्वतः राबायला लागला, आखडला, सैल झाला, परत आखडला, की आत वेगळंच एक एन्झाइम जागं होतं. पेशीतलं इंधन उतरायला लागलंय हे त्याला कळतं, आणि ते कुणाच्या हाळीची वाट बघत नाही, आपणहून दारं उघडायला लावतं. पहिली वाट बिघडली तरी ही दुसरी बऱ्याच अंशी शाबूत असते. आम्ही बशीतल्या पेशींना विजेचे बारीक झटके देतो, म्हणजे त्या आखडतात. लॅबमधली मुलं म्हणतात, मॅडमच्या पेशी जोर मारतायत. पहिल्यांदा ते सूक्ष्मदर्शकातून बघितलं तेव्हा सगळे हसले, मला हसू आलं नाही. आजारी माणसाच्या पेशी होत्या त्या, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या, आणि झटक्यासरशी आखडत होत्या, साखर ओढून घेत होत्या. बैठका मारल्या तर, असं तुम्ही विचारलं होतंत. गुडघा सांभाळून, गोळ्या चालू ठेवून, जमेल तेवढ्या मारा, हे उत्तर होतं. निदान त्या खुर्चीतून उठा, हे उत्तर होतं. ते तुम्हाला कुणी दिलं नाही, मीही नाही, तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हतं. आणि तुम्ही, जन्मात कुणाचं न ऐकणारे, नेमकं आराम करा तेवढंच ऐकलंत.

मातीच्या बाबतीत मात्र तुमची हेकेखोरी तशीच होती. हौदा तुम्ही कसा राखायचात ते मला पाठ आहे. लाल माती चाळायची, तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल आणि कापूर घालायचा, खोऱ्यानं खालची वर करायची. उतरण्याआधी चिमूटभर कपाळाला लावायची. कुणी पडलं, कुणाचं ढोपर सोललं, की तीच माती वरून दाबायची. "डाक्टर काय लावतोय, हीच लाव." मला मुलगी म्हणून हौद्यात पाय ठेवायला बंदी होती. एकदा चेंडू आत गेला म्हणून उतरले, तर तुम्ही दंडाला धरून मला उचललंत आणि बाहेर या फरशीवर उभं केलंत. "ही जागा तुझी न्हाई," म्हणालात. मारलं नाहीत, पण त्या दिवशी मी जेवले नाही. आणि तेच तुम्ही, मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा, एसटी येईपर्यंत फाट्यावर उभे राहिलात आणि गाडी दिसल्यावर त्याच मातीची पुरचुंडी माझ्या हातात कोंबलीत. "लागलं-बिगलं तर लाव." जिला आत येऊ दिलं नाहीत तिच्या पिशवीत हौदा बांधून दिलात. मी ती पुरचुंडी प्रत्येक भाड्याच्या खोलीत बरोबर नेली. तुम्ही गेल्यावर ती लॅबमध्ये उघडली आणि चिमूटभर माती जंतू वाढवायच्या बशीत टाकून उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीत बोट ठेवायला जागा नव्हती, इतकं काय काय उगवलं होतं. धडधाकट पोरांच्या जखमा त्या मातीनं भरत नव्हत्या, मातीला न जुमानता भरत होत्या, आणि तुम्ही श्रेय मातीला देत होतात.

यात्रेत तुमचा सत्कार झाला, त्यासाठी नव्या वहाणा घेतल्या होत्या. त्या चावल्या. साखरेनं तळपायाची जाणीव गेलेली, त्यामुळं तुम्हाला काही लागलंच नाही. घरी आल्यावर आईला धोतराच्या काठाला रक्त दिसलं. तुम्ही तालमीत गेलात, मूठभर माती दाबलीत आणि फडकं गुंडाळलंत. मग त्या फडक्यावर आणखी एक. वास यायला लागला तेव्हा तुम्ही घरात उदबत्त्या लावायला सांगितलंत, आणि आईनं त्या लावल्या. पुण्याला आणलं तेव्हा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता. पाय काढावा लागेल म्हणाले. "एका पायाचा वस्ताद कुणी बघितलाय का?" एवढं बोलून तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत आणि सहीला हात पुढं केला नाहीत. तुम्हाला मनवता मनवता ताप डोक्यात गेला आणि तुम्ही आम्हाला ओळखेनासे झालात. मरणाला एवढं सोपं कुणी करून देतं का, आण्णा?

आता या वर्षीचं सांगते. लॅबमध्ये एक नवी पद्धत बसवायची होती आणि त्यासाठी निरोगी माणसांच्या पेशी हव्या होत्या. मी आणि माझ्या हाताखालची एक मुलगी, दोघींनी रीतसर परवानगी घेऊन आपापल्या मांडीतला तुकडा दिला. पेशी वाढल्या. त्यांना इन्शुलिन दिलं की त्या मधल्या एन्झाइमला टिळा लागतो, आणि तो लागला की आमच्या पट्टीवर काळी रेघ उमटते. तिच्या पेशींची रेघ काजळासारखी आली. माझ्या पेशींची आली ती पुसट, आहे म्हटलं तर आहे. मला वाटलं हात चुकला. परत केलं. मग वाटलं रसायन जुनं झालंय. नवीन मागवलं, ते यायला उशीर झाला म्हणून कंपनीला तावातावानं ईमेल केले. मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं, तो म्हणाला मशीन चांगलं आहे, तर त्याच्याशी वाद घातला. फ्रीजचं दार नीट लावत नाहीत म्हणून सगळ्यांना बोलले. माझं ओरडून झाल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझी रेघ पण याच मशीनवर आलीय ना." तेव्हा कुठं मी खाली बसले. मशीन बदला तुमचं, हेच मी इतके दिवस ओरडत होते. आई-बापाला साखर असली की पोरांना ती व्हायच्या आधीच त्यांच्या स्नायूत ही हाळी मंदावलेली सापडू शकते, हे मी वर्गात शिकवते. दिवसभर खुर्चीत बसून शिकवते आणि बशीतल्या पेशींकडून जोर मारून घेते. तालमीत पाय ठेवू दिला नाहीत, शेत दादाला दिलंत, आणि माझ्या वाट्याला हे आलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग वहिनीचा फोन आला. दादाला साखर आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, एक दादा सोडून. गोळ्या आठवण झाली तर घेतो. तालीम तोच चालवतो, म्हणजे तुमच्या खुर्चीत बसतो. समोर दोन-चार पोरं असली तर असतात, बाकीची आळेफाट्याच्या जिममध्ये आरशापुढं उभी असतात. वहिनी म्हणाली, "ताई, एकदा येऊन जा. ह्यांच्या पायाला फडकं हाय, कुणाला बघू देत न्हाईत. आन् घरात उदबत्त्या लई लागाय लागल्यात." मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. परवा पहिल्या गाडीनं निघाले, फाट्यावर वहिनी स्कूटी घेऊन आली होती, आणि तालमीत आले तर दादा तुमच्यासारखाच एक पाय दुसऱ्याखाली लपवून बसलेला.

"पाय दाखव," मी म्हटलं.

"काय न्हाई त्यात बघण्यासारखं. ठिबकची नळी वढताना अंगठ्याला खिळा लागला. माती लावलीय."

मी सुरू झाले. हाळी, टिळा, दारं, पायाची जाणीव, मातीतले जंतू, सगळं. बोलता बोलता माझा आवाज वर्गातला झाला, मला कळत होतं, पण थांबवता येईना. वहिनीनं आणून ठेवलेला चहा ओट्यावर तसाच निवला. दादानं मला मधे एकदासुद्धा तोडलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "तायडे, तुझं बरोबर असंल. पर मला एवढंच सांग, आण्णांना दवाखान्यात नेलं तवाच गेलं का न्हाई?"

"उशिरा नेलं म्हणून गेले."

"त्ये तू म्हणतीस."

"मी नाही म्हणत, दादा, सगळं शास्त्र म्हणतं."

"मंग तुझ्या त्या बशीतल्यांना सांग. मी काय बशीत न्हाई."

मला इतका संताप आला की मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. एवढी वर्षं शिकून, एवढं शोधून, माझ्या सख्ख्या भावाच्या पायावरचं एक फडकं मला सोडवता येत नसेल तर त्या शिक्षणाला काय जाळायचंय? तालमीच्या दारापर्यंत गेले. तिथं तुमचा फोटो आहे, गदा खांद्यावर घेतलेला, मांड्या अशा की फ्रेममध्ये मावत नाहीत. मी तशीच वळले आणि म्हटलं, "माझ्या पण मांडीत तेच निघालंय, दादा."

"काय निघालंय?"

"आण्णांच्या होतं ते. तुझ्या आहे ते. मशीन बदलून बदलून बघितलं, तेच येतंय."

तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "तू तर काडीवानी हायेस. गोडाला तू शिवत बी न्हाईस."

"तेच तर मघापासून सांगतेय. हे नुसतं पेढ्यांचं नाही. हे रक्तातून आलंय."

दादानं पायावरचं फडकं चाचपलं. मग खाली बघून त्यानं विचारलं, "म्हंजी आण्णांनी बसून खाल्लं म्हून झालं, असं न्हाई?"

आण्णा, तेव्हा मला कळलं की त्या व्हरांड्यात दादाही उभा होता. त्यानं ते हसू ऐकलं होतं आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. आपल्याला कुणी तसं हसू नये म्हणून तो पाय झाकून बसला होता, आणि मी त्याला एन्झाइम शिकवत होते. मी म्हटलं, "नुसतं तेवढ्यानं नाही, दादा. बसवलं आपण सगळ्यांनी, हे खरं. पण बीज आधीपासून होतं." त्यानं नाक शिंकरलं आणि वाकून स्वतःच फडकं सोडायला लागला.

वास सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याला घरात आणलं, वहिनीनं स्वयंपाकघरात पाणी उकळून कोमट केलं आणि मोरीपाशी पाट मांडला. मी माती धुतली, थर सुटत गेले तशी खालची जखम दिसली, लाल होती, पण अजून काळी नव्हती. त्याला दुखत नव्हतं, तेच मला बघवत नव्हतं. शेजारच्या पिकअपमधून नारायणगावला नेलं. आता तिथं एक तरुण डॉक्टरबाई आहेत. त्यांनी जखम साफ केली, हाड बघायला फोटो काढला, दादाला दाखल करून घेतलं आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अंगठ्याचं काय होतंय ते बघू, पण पाय राहील." दादानं विचारलं, "मंग आता आराम करायचा?" बाई म्हणाल्या, "पाय अजिबात टेकायचा नाही. पण नुसतं लोळायचं पण नाही. खाटेवर बसून हातांचा व्यायाम करायचा." दादा म्हणाला, "मुद्गल मागवू का घरनं?" बाई म्हणाल्या, "आधी पाण्याची बाटली उचला, काका." तुम्हाला कुणी असं सांगितलं असतं तर, असं माझ्या मनात आलं आणि परत सगळा जळफळाट झाला.

नर्स दादाची साखर बघायला मशीन घेऊन आली. त्याचं बोट टोचून झालं, आकडा लिहून झाला, आणि दादा म्हणाला, "आता हिची बी बघा. हिच्या मांडीत निघालंय." नर्सला काही कळलं नाही, पण तिनं नवी सुई काढली आणि हात पुढं केला. "द्या मॅडम बोट." वहिनी बघत होती, शेजारच्या खाटेवरची म्हातारी बघत होती. इतक्या लोकांच्या मांड्यांत मी सुया टोचायला लावल्या, कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या, घाबरू नका म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवले, आणि माझी स्वतःची साखर किती आहे हे मला माहीत नाही. रेघ पुसट आल्यावरसुद्धा मी ती बघितली नाही. मी हात मागं घेतला आणि म्हटलं, "चहा झालाय माझा. आता आकडा खोटा येईल. परत कधीतरी बघू." नर्स बरं म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली. दादा माझ्याकडं बघत राहिला. तो हसला नाही.

तेव्हापासून मला तुमच्यावर धड चिडता येत नाही, आणि त्याचीच सगळ्यांत जास्त चीड येते आहे. टेम्पो भरून गेला. मला आता दादाचा डबा घेऊन निघायला हवं, तिथं ती नर्स असेल आणि दादाही जागा असेल. जाण्याआधी एवढं सांगते, आण्णा. वहिनीनं केलेला तो चहा मी प्यायलेच नव्हते. परवा सकाळपासून नर्सनं बोट मागितलं तोवर माझ्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.